तारोडीची घरची वाईन

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही भाईंदर पूर्वेला नवीनच राहायला आलो होतो. जवळच्या तारोडी गावात घरोघरी वाईन करतात असं ऑफिसात कळलं, म्हणून एका रविवारी मी आणि बायको बसने तिथे गेलो.

पहिल्याच घराच्या ओटीवर एक म्हातारी जांभळं निवडत बसली होती. प्रत्येक जांभूळ ती कानाजवळ नेऊन हलवायची आणि मगच टोपलीत टाकायची.

"वाईन मिळेल का?" मी विचारलं.

"इकायची न्हाय. फक्त घरच्यांना देते." मग मला निरखून पाहत म्हणाली, "तू माझ्या भावाच्या पोरासारखा दिसतोस. बस."

घरचा झालो म्हटल्यावर कामं आलीच. मी विहिरीचं पाणी काढलं, बायकोनं जांभळं निवडली, मग दोघांनी मिळून पळालेली कोंबडी पकडली. दुपारी एकदाची वाईन आली, औषधाच्या बाटलीच्या टोपणाएवढ्या पेल्यांत. सोबत नातीच्या लग्नाचा अल्बमही आला.

म्हातारी प्रत्येक फोटोवर बोट ठेवून कोणाला तरी शोधत होती. शेवटचं पान उलटून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"यात तू कुठंच न्हायस. लग्नाला का न्हाय आलास?"

"रजा मिळाली नाही," मी खाली मान घालून म्हणालो.

तिनं तोंड फिरवलं. पेला पुन्हा भरला नाही.

परतीच्या बसमध्ये बायको म्हणाली, "त्या रागावल्या ते बरोबरच आहे. तुम्ही निदान एक पत्र तरी टाकायचं होतं."