गिरधरभाऊला भेटायला आलेली माणसं

गिरधरभाऊला हार्ट अटॅक आला, धुळ्याला नेऊन त्याची अँजिओप्लास्टी केली, तो जिवंत घरी आला. आणि मग गाव त्याला भेटायला येऊ लागलं. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे नातं तोडणं. आलेला माणूस चहा घेतो, हकिकत पहिल्यापासून ऐकतो आणि उठता उठता आपल्याकडची एक सांगतो. "आमना साडूले बी असंच व्हयनं व्हतं," गल्लीतला चिंधा म्हणाला, "चालता-बोलता गया." धीर देण्याची ही आमची रीत! कोणाचा साडू, कोणाचा मामा, रोज एक तरी मेलेला माणूस गिरधरच्या खाटेशी आणून बसवला जायचा.

त्याचे हात थरथरू लागले. छातीत धडधडलं की तो घामानं भिजायचा, झोप तर पार उडाली. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, भीती वाटते का? निम्म्या गावाला खांदा दिलेला गडी बायकोदेखत हो कसा म्हणेल? नाही म्हणाला. बाईंनी रक्त तपासलं, तर थायरॉईडच्या हार्मोनचं प्रमाण बिघडलेलं. हृदयाच्या आजारात हे आणि मनातली भीती पुष्कळदा जोडीनं दिसतात, त्यांनी त्याच्या बायकोला, बेबाबाईला सांगितलं. कशामुळे काय झालं, ते मात्र या रिपोर्टवरून सांगता येत नाही. हृदय नाजूक आहे, गोळीची घाई नको, पुन्हा तपासू. तोवर घरात शांतता ठेवा.

शांतता कुठून आणायची? बेबाबाई स्वतः गावातल्या प्रत्येक आजाऱ्याशेजारी बसून आलेली. आता लोकांना दारातून कोणत्या तोंडानं परत पाठवणार? पण एका सकाळी गिरधर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "अवं, आते कोनले येऊ दिऊ नको. माले भेव वाटस."

भीती वाटते, असं अख्ख्या संसारात त्यानं कधी म्हटलं नव्हतं. 

मग तिनं डोकं चालवलं. शेजारच्या सुनंदाबाईकडून दाराला बाहेरून कुलूप लावून घेतलं आणि मोबाईल बंद केला. कुलूप पाहून माणूस आपोआप परत जाईल, अपमान कोणाचाच नाही. सुनंदाबाई किल्ली कमरेला खोचून कापूस वेचायला गेली. गिरधरला त्या दिवशी गाढ झोप लागली, आणि बेबाबाईला वाटलं, आपलं जमलं.

चिंधानं कुलूप पाहिलं आणि पारावर सांगितलं, बहुतेक पुन्हा धुळ्याला नेलं. ही बातमी भडगावला गिरधरच्या बहिणीकडे, रत्नाआक्काकडे पोचेपर्यंत त्यातलं 'बहुतेक' गळून गेलं होतं आणि गिरधरही गेला होता. तिनं फोन लावला, तो बंद. मग शंका कसली?

दुपारी रत्नाआक्का गल्लीच्या तोंडापासूनच आक्रोश करत आली. "मना भाऊ रे, माले न सांगता कसा गया रे!" गल्लीतल्या बायकांनीही गळा काढला. गिरधर दचकून उठला. आपलंच नाव घेऊन दारात रडारड चाललेली त्यानं ऐकली. त्याचा हात छातीवर गेला, डोळे विस्फारले.

बेबाबाई दार बडवत ओरडली, आक्का, भाऊ जित्ता शे! रडणं थांबलं. कोणी किल्लीसाठी शेताकडे पळालं, कोणी कुलपावर दगड घालू लागलं. आक्का फटीला तोंड लावून भावाला हाका मारत राहिली, एकदा तरी ओ दे म्हणून. ओ आली नाही.

कुलूप तुटलं तेव्हा बेबाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आक्का उंबऱ्यातच खाली बसली. भावासाठीचं सगळं रडणं मघाशीच रडून झालं होतं.