दोन ते पाच दार उघडायचं नाही

इंग्लंडपासून दूर दक्षिणेला, उन्हाच्या देशातल्या अल्मुदेत गावात नवा इंग्रज राहायला आला की त्याच्या सामानाची खोकी फुटायच्या आधी त्याला एव्हरिल पोकॉकबाईंच्या पुढ्यात उभं केलं जाई. दर गुरुवारी सकाळी चौकातल्या बारमध्ये पंख्याखालच्या टेबलाशी बाई बसलेल्या असत. समोर चहा, तोही पिशवीतून आणलेल्या इंग्लंडच्या पुडीचा. बारवाल्याकडून घ्यायचं ते फक्त उकळतं पाणी आणि थोडं दूध. उन्हाने लालबुंद झालेलं नवं जोडपं खुर्चीच्या टोकावर बसे आणि बाई सुरू होत.

केटलीत पांढरा थर साचतो? व्हिनेगर घाला. मुंग्या? उंबऱ्यावर टाल्कम पावडरची रेघ ओढा. आभाळ पिवळट दिसलं की दोरीवर पांढरं काही ठेवायचं नाही, लाल पाऊस पडतो आणि आफ्रिकेची सगळी धूळ तुमच्या चादरीवर उतरते. गॅसचं सिलिंडर संपायची वाट बघायची नाही, कारण सिलिंडरवाला सणाच्या दिवशी येत नाही, आणि इथे सण नसलेला दिवस शोधावा लागतो.

हे सगळं खरं होतं. बाई इथे चुकल्या नाहीत. गावातल्या कितीतरी इंग्रज घरांत मुंग्या नव्हत्या त्या बाईंमुळे. पण बाईंचे लाडके नियम वेगळेच होते आणि ते सांगताना त्या कप बाजूला सारत.

"उन्हाळाभर खिडक्यांची शटरं खाली. दिवसा, रात्री, कधीही वर नाही. घर थंड राहतं. पाव रोज आणायला जायचं नाही, आठवड्याचा एकदम आणून फ्रीझरमध्ये टाकायचा. रोज गेलात की बेकरीतल्या बायका तुमच्या सात पिढ्यांची चौकशी करतात. दोन ते पाच दार उघडायचं नाही. घंटी वाजली तरी हलायचं नाही, खुद्द पोप आला तरी नाही. गॅस तपासायला आलोय म्हणणारे भामटे नेमके तेव्हाच येतात."

"आणि किल्ली, एव्हरिल? एखादी किल्ली शेजारी ठेवावी का?" नवी बाई विचारी.

"शेजारणीला? अजिबात नाही. थांब, तुला क्लिफर्डच्या चड्डीची गोष्ट सांगते."

ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती, तरी सगळे हसत. एव्हरिलबाई आणि त्यांचे यजमान क्लिफर्ड इंग्लंडमधलं ग्रिम्सबी सोडून इथे आले तो पहिला उन्हाळा. आदल्या रात्री दोघांनी वाईन जरा जास्त घेतली होती, सकाळी उठायला उशीर झाला. घंटी वाजत राहिली, मग कुलपात किल्ली फिरली, आणि समोरच्या घरातली एन्कार्ना हातात केरसुणी घेऊन थेट दिवाणखान्यात उभी. क्लिफर्डसाहेब नुसत्या चड्डीवर. आधीच्या मालकाने तिच्याकडे ठेवलेली जादा किल्ली होती ती, निळ्या फितीत बांधलेली. एन्कार्नाने आधी क्लिफर्डकडे पाहिलं, मग छताकडे, आणि छातीवर क्रूस काढला.

"मग मी तिला सरळ सांगितलं," बाई म्हणत. "तेव्हा मला तिच्या भाषेतलं एवढंच येत होतं. तू तुझ्या घरी. मी माझ्या घरी. किल्ली टेबलावर ठेवून गेली बघ मुकाट्याने. त्यानंतर पुन्हा म्हणून त्रास नाही."

एन्कार्ना का आली होती, हे बाईंनी कधी विचारलं नाही. त्या गल्लीत उजाडलं की घराघरातली शटरं खडखडत वर जातात. बायका उंबरा धुतात, खोल्यांत वारा खेळवतात, आणि ऊन गल्लीत उतरलं की मग शटरं फटीएवढी जागा ठेवून खाली घेतात. शटर वर गेलं याचा अर्थ घरातलं माणूस उठलं. नाही गेलं तर समोरची बाई आधी हाक मारते, मग घंटी वाजवते, मग किल्ली शोधते. हे कोणी कोणाला शिकवत नाही, म्हणून बाईंनाही कोणी सांगितलं नाही. बाईंनी दुपारी गावभर खाली असलेली शटरं पाहिली आणि त्यातला अर्धा भाग उचलला. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणारी माणसं सगळ्या देशांत असतात.

त्याआधी एन्कार्ना दारात संत्र्यांची पिशवी ठेवून जायची. नंतर ती पिशवी आली नाही. क्लिफर्ड गेले, त्यांना घरातून नेलं, त्या दिवशी एन्कार्ना काळे कपडे घालून आपल्या उंबऱ्यावर उभी होती. रस्ता ओलांडून आली मात्र नाही. "शिकली बघा," बाई पुढच्या गुरुवारी म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे रडून सुजलेले असूनही टेबलाशी बसलेले हसले.

बाई पडल्या त्या ऑगस्टमध्ये, एका मंगळवारी सकाळी. जिन्याखालच्या कोनाड्यात कपडे धुण्याचं मशीन होतं. बाई ओले कपडे काढत होत्या, फरशीवर पाणी सांडलं होतं, पाय गेला. खुब्यात काहीतरी मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला. फोन वर, पलंगाशेजारी, चार्जरला लावलेला. मुलगा ग्रॅहम रविवारी फोन करायचा, आणि रविवार लांब होता.

पहिल्यांदा त्यांनी नेटाने हाका मारल्या. दगडी भिंती, जाड दार, खाली ओढलेली शटरं. घर खरोखरच थंड होतं, आणि आवाज बाहेर जाईना. बाहेरचं मात्र आत सगळं ऐकू येत होतं. पावाच्या गाडीचा भोंगा वाजला. बायका गोळा झाल्या, कोणाची तरी सून माहेरी गेली होती त्यावर बोलणं झालं. पाववाल्याने सगळ्यांची विचारपूस केली. पोकॉकबाईंना त्याने विचारायचं कारण नव्हतं. त्यांचा पाव फ्रीझरमध्ये होता.

दुपार गेली, रात्र गेली. बाईंनी मशीनमधले ओले कपडे हाताने ओढून त्यातलं पाणी चोखलं. साबणाची चव होती. बुधवारी पहाटे समोरचं शटर खडखडत वर गेलं आणि बाईंनी उरलासुरला आवाज गोळा करून "एन्कार्ना" अशी हाक मारली. पावलं वाजली. रस्ता ओलांडून आली असं वाटलं. दाराशी थांबलीही असावी. मग परत गेली.

गुरुवारी दुपारी गाडी थांबली. इंजिन चालूच होतं, गाडीतला गारवा जायला नको म्हणून. डिलिस आणि तिचा नवरा नॉर्मन. दोघांना या गावात बाईंनीच बसवलेलं, घर शोधण्यापासून पडद्यांच्या कापडापर्यंत. घंटी वाजली.

बाई ओरडल्या. तोंडातून नुसता वारा आला.

"आज टेबलाशी नव्हती आली," डिलिस म्हणाली. "असं कधी होत नाही हो."

"वाजले किती बघ. तीन. झोपली असेल. उठवलीस तर खाऊन टाकेल."

"शटरं तर खाली आहेत."

"ती कधी वर असतात? अगं, तिचाच नियम आहे ना. दोन ते पाच पोप आला तरी उघडायचं नाही."

"इंग्लंडला गेली असेल का, ग्रॅहमकडे?"

"गेली असेल. आणि आपण गावभर बोंब मारली तर आल्यावर आपलीच हजेरी घेईल. चल, आइस्क्रीम वितळतंय."

गाडी गेली. बाईंना राग कोणाचा यावा हेच कळेना. आपलेच दात, आपलेच ओठ. एकेक वाक्य त्यांचंच होतं, आवाजाची पट्टीसुद्धा. त्या हुंदके देत हसल्या, आणि खुब्यातून अशी कळ आली की हसणंही थांबलं.

तिथे पडून त्यांना एक गोष्ट स्वच्छ दिसली. आपल्यासाठी या गल्लीत कोणी येणार नाही. मग कशासाठी येतील? दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांच्या गच्चीतली बागेची नळी रात्रभर चालू राहिली होती, तेव्हा एन्कार्ना दार बडवायला आली होती आणि काही न बोलता रस्त्यावरच्या ओघळाकडे बोट दाखवून उभी राहिली होती. क्वचितच पाऊस पडणाऱ्या गावात पाणी वाहिलं की लोक घराबाहेर येतात.

मशीनमागचा नळ भिंतीत खाली होता. तिथवर पोहोचायला बाईंना संध्याकाळ झाली. नळी उपटली. पाणी फरशीवर आलं, बाईंनी पालथं पडून ते आधी प्यायलं, मग वाट पाहिली. धुण्याच्या सोयीसाठी जुन्या घरांची फरशी दाराकडे उतरती असते. पाणी बाईंच्या कपड्यांतून, कुशीखालून, दाराच्या फटीतून गल्लीत गेलं.

"सेन्योरा!" एन्कार्नाच्या केरसुणीचा दांडा दारावर आपटला. "सेन्योरा, पाणी! देवानं दिलंय ते गटारात घालवायला का?" मग शेजारच्या बायका, मग कोणाचा तरी मुलगा, मग नगरपालिकेचा शिपाई. सगळे पाण्यावर चिडलेले होते. दार फोडलं तेव्हा त्यांना बाई दिसल्या.

इस्पितळात टेबलावरचे सगळे आले. डिलिसने फुलं आणली आणि ती इतकी रडली की बाईंनाच तिची समजूत घालावी लागली. एन्कार्ना एकदाच आली. मांडीवर पर्स घेऊन, खुर्चीच्या टोकावर बसली.

"तू मला, पाणी, वाचवलं," बाई तिच्या भाषेत अडखळत म्हणाल्या. इतकी वर्षं त्या देशात राहून एवढीच भाषा.

"मला मंगळवारीच कळलं होतं," एन्कार्ना म्हणाली. तिने सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं सांगितलं. "रोज सकाळी तुमच्या गच्चीत रेडिओ वाजतो, तो वाजला नाही. बुधवारीही नाही. मी दारापर्यंत आले होते, सेन्योरा. घंटीवर बोट ठेवलं होतं."

"मग? मग का नाही?"

"तुम्ही म्हणाला होतात. तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी."

बाईंनी डोळे मिटले. "आणि पाणी?"

"पाण्याचं वेगळं," एन्कार्ना उठत म्हणाली. "पाणी सगळ्यांचं असतं."

ती क्रूर बाई नव्हती. पंधराएक वर्षं तिने एक अपमान जपून ठेवला होता, आणि तो तिने ठेवला तसा आपल्यातले बहुतेक जण ठेवतात. फरक एवढाच, की आपल्या अपमानाच्या पलीकडे सहसा कोणी मरायला टेकलेलं नसतं.

ग्रॅहम म्हणाला, इंग्लंडला चल. घरात खोली मात्र नव्हती, वृद्धाश्रम होता. बाई अल्मुदेतलाच परतल्या, काठी टेकत, हिवाळा सरताना. टेबलाशी त्यांच्या खुर्चीवर डिलिस बसली होती. ती उठू लागली, बाईंनी हातानेच नको म्हटलं आणि कडेला बसल्या. एक नवं जोडपं आलं होतं, नायजेल आणि वेंडी. डिलिस त्यांना सांगत होती, शटरं खाली, पाव फ्रीझरमध्ये. चड्डीची गोष्टही तिने सांगितली, आणि बाईंपेक्षा चांगली सांगितली.

"रोज सकाळी शटर वर करा," बाई मधेच म्हणाल्या. "आणि किल्ली समोरच्या घरी द्या. कोणी बोलावल्याशिवाय आलं तर येऊ द्या."

डिलिसने बाईंच्या हातावर हात ठेवला. "पडल्यापासून जरा हळवी झालीय आमची एव्हरिल," ती वेंडीला म्हणाली, आणि पुढे लाल पावसावर आली.

एन्कार्ना आता गल्लीत नव्हती. गुडघे गेले म्हणून लेकीने तिला एल्चे शहरात आपल्याकडे नेलं होतं, घर विकलं होतं. जाताना तिने सगळ्यांच्या घरी जाऊन निरोप घेतला, असं पाववाला म्हणाला. बाईंच्या घरी कुलूप होतं. बाई इस्पितळात होत्या, तेव्हा हे स्वाभाविकच. तरी बाईंनी पाववाल्याला पुन्हा विचारलं, माझ्या दाराशी थांबली होती का. त्याला आठवत नव्हतं.

तिचं घर घेतलं होतं नायजेल आणि वेंडीने.

बाई आता रोज पहाटे उठतात. शटरचा पट्टा दोन्ही हातांनी ओढायचा तर काठी सोडावी लागते, म्हणून भिंतीला टेकून ओढतात. शटर खडखडत वर जातं, गल्लीतल्या इतर शटरांसारखंच. समोरचं खाली असतं. दिवसभर खालीच असतं. मागच्या आठवड्यात त्यांनी निळ्या फितीची किल्ली घेतली, रस्ता ओलांडला आणि समोरची घंटी वाजवली. आत पावलं थांबली. घड्याळ पाहिलं असावं.

"उघडू नकोस," नायजेलचा दबका आवाज आला. "तीन वाजलेत."

"अरे, ती समोरची म्हातारी असेल."

"असली तरी. एकदा सवय लावलीस की रोज येऊन बसेल."

बाईंनी पुन्हा घंटी वाजवली नाही. डोक्यावरच्या उन्हात काठी टेकत रस्ता ओलांडून घरी आल्या आणि किल्ली जिथून घेतली होती तिथेच खिळ्याला अडकवली.