सरूआत्यानं परत घेतलेला बेल

सरूआत्या गेल्याची बातमी मला खामगावच्या एसटी स्टँडवर कळली, आणि ती सांगणारा कंडक्टर सांगता सांगता जरासा हसला. तो दुसरबीडकडून येणाऱ्या गाडीवर असायचा. आत्याचं गाव त्याच रस्त्यावर, आणि देऊळ रस्त्याला लागून. दर सोमवारी गाडी थांबली की आत्या त्याच्या हातावर प्रसाद ठेवायची, म्हणून तो तिला घरच्यासारखा ओळखत होता. त्यानं सांगितलं की सकाळची आरती झाली, प्रसाद वाटून झाला, नारळ खवट निघाला म्हणून दुकानदाराला दोन शब्द सुनावून झाले, आणि मग सभामंडपातल्या खांबाला टेकून बसल्या त्या बसल्याच... "बाई, रागावू नका," तो म्हणाला, "पन मानूस जाते तशा नाही गेल्या त्या. गाडी लागली म्हनून उठून जावं, तशा गेल्या." मीही त्या गर्दीत डोळे पुसता पुसता हसले. आत्या असती तर तिनं विचारलं असतं, नारळाचे पैसे परत घेतले की नाही?

त्याला आता काही आठवडे झाले. आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत हल्ली धर्म आणि राजकारण यांवर जोराचे वाद होतात. कुणी म्हणतो देवाला देवळातच ठेवा, कुणी म्हणतो देवाशिवाय समाज चालणार कसा. मी वह्या तपासत ऐकत असते, आणि दर वेळी मनात आत्याच उभी राहते. या विषयावर ती कधी बोलली नाही. तिला त्यावर भाषण करायला लावलं असतं तर ती पदराआड हसत बसली असती. पण एका निवडणुकीत तिनं जे केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ते लिहून ठेवावं असं वाटतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. गावातल्या महादेवाची पूजा तिच्या सासरच्या गुरवांकडे होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. धाकटा दीर नोकरीच्या नादानं नांदुऱ्याला जाऊन बसलेला. आता पूजा कोण करणार, असा प्रश्न आला तेव्हा आत्या दुसऱ्या दिवशी पहाटे तांब्या घेऊन सरळ गाभाऱ्यात गेली. विधवा बाईनं पिंडीला हात लावायचा म्हणजे काय, म्हणून चार थोर माणसं पारावर जमली. आत्या त्यांना म्हणाली, "जो देव मसनात राह्यते, आंगाले राख फासते, त्याले माह्या कपाळाचं काय वावडं?" दुसरा गुरव मिळेपर्यंत हिला करू द्या, असं ठरलं. दुसरा गुरव शोधायचं काम मग गाव विसरून गेलं, आणि आत्यानंही कुणाला आठवण करून दिली नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि जिल्हा परिषदेच्या पहिल्यावहिल्या निवडणुका लागल्या होत्या, तेव्हा मी त्याच गावच्या शाळेत नवी मास्तरीण म्हणून लागले होते आणि आत्याकडेच राहत होते. माझं ते पहिलं मत. आमच्या गटातून गावचे बळवंतराव पाटील उभे होते. मोठी जमीन, मोठा आवाज, माणूस तसा वाईट नव्हे. पण गावानं आपल्याला नाही म्हणावं ही गोष्टच त्यांच्या डोक्यात शिरत नसे. त्यांच्या विरोधात शेजारच्या गावचा तुकाराम उभा राहिला. तो लहान शेतकऱ्याचा मुलगा, खामगावला राहून शिकलेला. सायकलवर फिरून तो वस्त्यावस्त्यांत बोलायचा, आणि त्याच्याभोवती बाया जमायच्या, कारण तो विहिरींबद्दल बोलायचा.

बळवंतरावांना याची काळजी वाटली असावी. एका सोमवारी त्यांनी घरोघरच्या कर्त्या माणसांना देवळात बोलावलं, आणि आत्याला निरोप धाडला की बेल-भंडाऱ्याचं ताट तयार ठेव. आत्याला वाटलं, पाटलानं अभिषेक बोलला असेल. तिनं कौतुकानं निवडून निवडून तीन पानांचा बेल आणला, बाजूला हळद ठेवली. मग एकेक जण पुढं आला, पिंडीसमोर बेल उचलला आणि म्हणाला, माझ्या घरची सगळी मतं पाटलांना, यात अंतर पडलं तर महादेव माझं पाहून घेईल. कुणी मोठ्यानं म्हणालं, कुणी तोंडातल्या तोंडात. ताट आत्याच्याच हातात होतं. शेवटचा माणूस जाईपर्यंत ती ते धरून उभी राहिली, आणि घरी आल्यावर हात किती तरी वेळ धूत बसली. मी विचारलं तर म्हणाली, हळद लवकर निघत नाही.

असे दोन-तीन दिवस गेले. सकाळी पूजेला जायची, पण नेहमीसारखं गुणगुणणं नाही. मग एक दिवस खालच्या आळीतली शेवंता आली. तिचं पोर कडेवर होतं. घागरी वाहून वाहून कंबर गेलेली ही बाई तुकारामाच्या सभेत सगळ्यांत पुढं बसायची. ती आत्याच्या समोर बसली आणि रडायलाच लागली. तिच्या नवऱ्यानं बेल उचलला होता. तिला शिक्का दुसरीकडं मारायचा होता. पण मारला आणि या लेकराला काही झालं तर?

"बेल तू उचलला का वं?" आत्यानं विचारलं.

"मी कोठची? मी त घरी होती. पन ते म्हनले ना, घरची सारी मतं..."

आत्यानं पोराला आपल्या मांडीवर घेतलं, त्याच्या हातात गुळाचा खडा दिला, आणि शेवंताला एवढंच सांगितलं की सोमवारी आरतीला ये, आणि एकटी येऊ नको. ती गेल्यावर मात्र माझ्याकडं वळून म्हणाली, "पाह्य पोरी, काय होऊन बसलं. त्या लेकराच्या मायले आता माह्या देवाचं भेव वाटून राह्यलं. अन् ताट मीच धरलं होतं."

मतदान मंगळवारी होतं. आदल्या दिवशीच्या सोमवारी सकाळी देऊळ भरून गेलं. बळवंतरावही आले होते, फेटा बांधून, पुढच्या रांगेत. बाया एका कडेला दाटीवाटीनं उभ्या, त्यांत शेवंता. आरती झाली. प्रसादासाठी हात पुढं आले, तेव्हा आत्या गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर आली ती तेच ताट घेऊन, पण आज ते रिकामं होतं. बाजूला बेलाची टोपली होती. ती घाबरली होती, उंबऱ्यावर येण्याआधी तिनं दोनदा मागं वळून पिंडीकडं पाहिलं होतं. पण आवाज नेहमीचाच होता, नारळवाल्याशी बोलायचा.

ती म्हणाली, "मांगच्या सोमवारी जो बेल तुम्ही उचलला, तो मी देल्ला होता. देवानं नव्हता देल्ला. म्या देल्ला, म्या वापस घेते. ज्याले वाटते त्यानं या टोपलीतलं एक पान घ्यावं अन् या ताटात टाकावं. शपत सुटली. मंग उद्या ज्याले द्यायचं त्याले मत द्या, पाटलाले द्या नाहीतर कोनालेही द्या."

एका म्हाताऱ्यानं खाकरून विचारलं, "अन् सरूबाई, देव कोपला त?"

"त माह्यावर कोपन. माह्या घरचाच हाये तो. आमचं आम्ही पाहून घेऊ."

त्या घाबरलेल्या गर्दीत कुठंतरी एक बाई फिसकन हसली, आणि त्या हसण्यानं काहीतरी मोकळं झालं. शेवंता पुढं आली. तिनं तर शपथही घेतली नव्हती, तरी तिनं पान घेतलं, ताटात टाकलं आणि पोराच्या हातूनही एक टाकवलं. तिच्यामागून बाया, मग खाली मान घालून पुरुष. बळवंतराव सगळं बघत होते. त्यांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. राग तर होताच, पण कुणीतरी आपल्याला आरसा दाखवावा तसे ते बावरलेही होते. प्रसाद न घेता ते निघाले आणि जाताना पायरीवर थांबून एवढंच म्हणाले की नांदुऱ्याहून तुझ्या दिराला बोलावून घेतो, पूजा त्याची आहे.

मंगळवारी मतदान झालं. निकाल लागला, आणि बळवंतराव निवडून आले.

हो, तेच आले. तुकारामाला आमच्या गावातून बरीच मतं पडली, पण पाटलांना त्याहून जास्त पडली. मला फार वाईट वाटलं, कारण माझं मत कुठं गेलं होतं ते मला माहीत होतं. आत्याला विचारलं तर ती शेंगा फोडता फोडता म्हणाली, चांगलं झालं. मी चिडले. तिला माझ्या चिडण्याचंच हसू आलं.

गुलालानं माखलेले बळवंतराव मिरवणूक संपल्यावर एकटेच देवळात आले. मी सभामंडप झाडत होते. आत्या वाती वळत बसली होती. ते तिला म्हणाले, "सरू, तू मले पाडाले निघाली होती."

"नाही पाटील," आत्या म्हणाली. "आता तुम्हाले समजलं ना, का लोकायनं तुम्हाले खरंच देल्लं? शपतेवर आले असते, त जलमभर समजलं नसतं."

बळवंतराव पायरीवर बसले. मग फेटा काढून मांडीवर ठेवला आणि त्या सोमवारचा राहिलेला प्रसाद मागितला. दिराला बोलावण्याची गोष्ट पुन्हा कधी निघाली नाही. हा माणूस त्या दिवसापासून संत झाला असं मात्र कुणी समजू नये. पुढच्या निवडणुकीत त्यांनी दुसऱ्या गावच्या देवळात लोकांकडून बेल उचलून घेतल्याची कुणकुण आत्याला लागली, तेव्हा तिनं त्यांना भर बाजारात विचारलं, आणि ते शाळकरी पोरासारखे कान धरून हसले. पण बुलढाण्याला सभेत बसले की मोठ्या ऐटीत सांगायचे म्हणे, मी मतांवर आलेला माणूस आहे.

त्या वर्षीच्या श्रावणात आत्या देवळाच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि तिचा डावा हात मोडला. झालं, गावात कुजबुज सुरू झाली की महादेवानं दाखवलाच इंगा. शेवंता रडत रडत भेटायला आली. आत्या गळ्यात हात अडकवून खाटेवर बसली होती, आणि तिच्या तोंडावर इतकं समाधान होतं की मला नवलच वाटलं. "मी बोल्ली होती ना, माह्यावर कोपन म्हनून?" ती म्हणाली. "अख्खं गाव एका हातात सुटलं. सस्त्यात गेलं का नाही, तूच सांग." पुढं ती हाच किस्सा इतक्यांदा आणि इतक्या खुशीत सांगायची, की हळूहळू गावानं तो हात म्हणजे मिरवायची गोष्ट मानली.

त्यानंतर निवडणुका येतच राहिल्या. प्रत्येक पक्षाचा माणूस नारळ घेऊन येई, आणि आत्या प्रत्येकाचा नारळ सारख्याच मनानं फोडी. कुणी जास्त लाडीगोडी केली तर सांगायची, "मतायची यादी म्या पोरीकडून वाचून घेतली, देवाचं नाव नाही तिच्यात. बाहेर लोकं उभे हायेत, त्यायले विचारा." देवाला राजकारणापासून दूर ठेवावं, असं तिचं मत होतं का? मला नाही तसं वाटत. तिचा देव सगळीकडंच होता, विहिरीवर, बाजारात, एसटीतही. त्याच्या नावानं कुणी कुणाला भिववू नये, एवढंच तिला हवं होतं. शिक्षकखोलीतले वाद ऐकताना मला वाटतं, हे एवढंच किती अवघड आहे...

आत्या गेली तेव्हा मी गावी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, म्हणून तेराव्यापर्यंत गावातच राहिले. तेराव्याचं जेवण होऊन पाहुणे पांगले, आणि दिवेलागणीला मी देवळात जाऊन बसले. या वेळेला आत्याची एक सवय होती. गाभाऱ्याचं दार लावलं की ती दाराच्या जाळीशी बसून महादेवाला दिवसभराच्या बातम्या सांगायची. कुणाकडं काय झालं, कुणाची म्हैस व्याली, कुणाचं कुणाशी बिनसलं. मी लहान असताना ते ऐकून फार हसायचे.

काठी टेकत टेकत बळवंतराव आले. आता खूप थकले आहेत, दिसतंही कमी. मी खांबाआड असल्यानं त्यांना दिसले नसावे. ते जाळीशी कष्टानं खाली बसले, घसा साफ केला आणि सांगू लागले, की कपाशी बरी आहे, शेवंताच्या पोराला नोकरी लागली, बुंदी गोड झाली होती पण थोडी कमी पडली. काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, आपली सरू गेली, तुले त माहीतच असन...

मी उठले तेव्हा त्यांना चाहूल लागली. ओशाळून त्यांनी काठी शोधली आणि मला म्हणाले, "कोनीतरी सांगावं लागते ना, बाई. त्याले सवय लागली हाये."