पापडातलं लोह

"पहिले सॅम्पल दाखवा, मंग बोला." कविता कोणाचीही असो, लॅबवाले काका तळहात पुढे करून हेच म्हणायचे. जणू कवी खिशातून चंद्र काढून त्यावर ठेवणार होता.

तुमच्याही ओळखीत असा एक श्रोता असेलच. आमचा श्रोता सिलतऱ्याच्या एका कारखान्यात लोखंडाची तपासणी करून निवृत्त झालेला. आम्ही रायपूरची आठ-दहा मराठी माणसं रविवारी सकाळी तात्यापाऱ्यातल्या एका घरी कविता वाचायला जमायचो. काका उरल्याहून स्कूटरने यायचे आणि सगळ्यांच्या आधी पोचायचे.

एकदा मी माझीच कविता वाचली. पुढे ढकललेली स्वप्नं म्हणजे गच्चीवर विसरलेले पापड, हात लावला की तुटतात, असं त्यात होतं. सगळे "वा!" म्हणाले. एकाला पापडात मध्यमवर्ग दिसला, दुसरीला उन्हात नियती. काकांनी विचारलं, "ताई, उडदाचे का मुगाचे?"

"काका, ती प्रतिमा आहे."

"हव, पण कायची?"

महिनाभराने त्यांनी मंडळात एक प्लास्टिकची पिशवी उघडली. वर चिठ्ठी, आत महिनाभर गच्चीवर ठेवलेला उडदाचा पापड, काळाकुट्ट. त्यांनी खिशातून चुंबक काढून त्यावरून फिरवलं. कारखान्यांची धूळ चुंबकाला चिकटली.

"पाहा. आपल्या रायपुरात स्वप्न तुटत नाही, काळं पडते. अन् लोहाचं प्रमाण चांगलं आहे."

त्यांना टाळ्या पडल्या. माझ्या कवितेला पडल्या नव्हत्या. मी जळफळून विचारलं, "तुमचं आहे का एखादं पुढे ढकललेलं स्वप्न?"

काका चक्क लाजले. "आहे न. पोहणं."

पोहायची चड्डी त्यांनी लग्नाच्या वर्षी घेतली होती. मग शिफ्ट, मग पोरीची परीक्षा, मग गुडघा. "आता या वयात लोक हसतील न."

"आणा ती चड्डी. तपासू," मी म्हटलं.

त्यांनी खरंच आणली. निळी, घडीवर पांढरी पडलेली. दोन्ही हातांनी ताणली तर इलास्टिक कुरकुरलं आणि ताणलेलंच राहिलं. आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. काकाही हसले. मग चड्डीची घडी घालता घालता म्हणाले, "हे लिहा ताई. पुढं ढकललं की इलास्टिक जाते."

माझी कविता तिथेच बाद झाली.

पुढच्या रविवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोनही उचलेनात. लोक हसतील म्हणून जो माणूस इतकी वर्षं कोरडा राहिला, त्याला आम्हीच पोट धरून हसलो होतो. मला फार वाईट वाटत होतं. शेवटी एका रविवारी मंडळ बुडवून मी माफी मागायला त्यांच्या घरी गेले.

"घरी कायचे राहतात ते?" काकू म्हणाल्या. "टेलरकडून नाडीची चड्डी शिवून घेतली. रविवारी सकाळीच क्लास असते पोहण्याचा. जा, पाहून या तमाशा."

गेले. काका कमरेएवढ्या पाण्यात, काठाची दांडी दोन्ही हातांनी गच्च धरून पाय आपटत होते. काठापासून लांब, खुर्चीवर बसलेले पोहण्याचे मास्तर पार भिजले होते. मला पाहून काकांचा चेहरा उजळला.

"ताई," ते ओरडले, "हात सोडता येत नाही मले! नमस्कार केला असं समजा!"