ओळखीच्या बाईचं गोंदण

मैत्रिणींना टॅटूची डिझाइनं काढून द्यायचं काम माझ्याकडे कसं आलं ते नीट आठवत नाही. मेंदी बरी काढायचे, त्यावरून झालं असावं. मी कागदावर काढून द्यायचे आणि बालाघाटच्या बसस्टँडजवळचा टॅटूवाला ते अंगावर उतरवायचा. कुणाला मोरपीस हवं असायचं, कुणाला नवऱ्याच्या नावात गुंफलेली वेल. डिझाइन सांगायला बसलेली बाई पोटातलं बरंच काही बोलून जायची आणि मला ते ऐकायची सवय लागली होती.

म्हणून माझी सगळ्यात जुनी मैत्रीण काहीच न सांगता डिझाइन मागू लागली, तेव्हा मला खटकलं. ती भरवेलीच्या शाळेत शिकवते. लग्न केलं नाही, आईसोबत राहते. माझा नवरा भरवेलीच्या खाणीत कामाला. तिची बस चुकली की तो तिला मोटरसायकलवर घेऊन यायचा.

"जुनं गोंदण झाकायचंय," ती म्हणाली. "त्याच्यावर बरोबर बसंल असं काहीतरी काढून दे."

"कोणाचं?"

"हाये एक ओळखीची बाई."

"मंग तिलेच घेऊन ये ना. हात पाह्यल्याशिवाय कसं काढू?"

"ती नाही येत. फोटो पाठवते मी."

फोटो आला तो काळापांढरा. मनगटाच्या वरची जरा कातडी, बाकी सगळं कापलेलं. गोंदलेल्या अक्षरांवर तिनं मोबाइलमध्येच काळे फराटे मारले होते. घाईत पहिलं अक्षर तेवढं अर्धंमुर्धं उघडं राहिलं होतं. माझ्या नवऱ्याचं नाव त्याच अक्षरानं सुरू होतं.

त्या अक्षराची गावात किती माणसं असतील, असं मी स्वतःला समजावलं. पण आधी ओळखीच्या बाईसाठी म्हणून विचारणाऱ्या आणि मग हळूच स्वतःचीच बाही वर करणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्या होत्या. आणि ती अलीकडे उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालत होती. उन्हासाठी म्हणायची. मी वेली काढत राहिले, कमळ काढलं, पण पेन्सिल टेकवली की ते अक्षरच डोळ्यांसमोर यायचं.

त्यात रविवारी शेजारीण म्हणाली, "तुमच्या घरचे दोन रविवार आधी बैहर रोडले दिसलते ना. मागं मॅडम बसल्या होत्या." त्या रविवारी नवरा मला ड्यूटी आहे सांगून गेला होता.

संध्याकाळी त्याला वाढता वाढता मी विचारलं, "बैहर रोडले काहून गेलते तुमी?"

"काम होतं."

"तिचं?"

"हौ. तिलेच विचार. मी नाही सांगत." आणि तो जेवत राहिला. तो गडबडला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिची शाळा सुटल्यावर मी डिझाइनचे कागद घेऊन, न कळवता तिच्या घरी गेले. तिनं दार अर्धवट उघडलं आणि मधेच उभी राहिली.

"फोन तरी करायचा ना."

"काहून? आता विचारून यावं लागते काय?"

तेवढ्यात आतून तिच्या आईचा आवाज आला. "येऊ दे तिले. चित्र तीच काढून राह्यली ना?"

काकू खाटेवर बसल्या होत्या. मी शाळेपासून त्या घरात जेवले आहे, पण काकूंचा हात कधी उघडा पाहिला नव्हता. लांब बाह्यांचं पोलकं, वर पदर, हीच त्यांची रीत. आज बाही कोपराच्या वर सारली होती. हिरवट पडलेली, पसरट झालेली अक्षरं होती. ते नाव मैत्रिणीच्या वडिलांचं होतं.

आम्ही शाळेत असताना त्यांची बैहर रोडवरच्या उकव्याच्या खाणीत बदली झाली होती. पुढे ते येईनासे झाले. घरात विचारलं की उत्तर यायचं, ड्यूटी आहे. मीही ते कधी तपासून पाहिलं नव्हतं.

मैत्रीण भिंतीला टेकून सांगू लागली. उकव्यात त्यांनी दुसरा संसार थाटला आहे, आता तिथल्या मुलीचं लग्न करताहेत, असं कानावर आलं होतं. एकटीनं जायचं धाडस होईना, म्हणून तिनं माझ्या नवऱ्याला नेलं. "दार बाबांनीच उघडलं. मले पाहून म्हणतात, किससे मिलना है. मी म्हणलं, घर चुकलं."

"मंग मी म्हणलं, हे झाकून टाक आता," काकू म्हणाल्या. "लग्नानंतर मडईच्या जत्रेत हौसेनं गोंदून घेतलं होतं. मेला असता तं राहू दिलं असतं."

मी वेल आणि कमळ पुढे केलं. त्यांनी दोन्ही बाजूला सारलं. "हे नको. खेकडा येते काय तुले? माहेरी लांजीकडं आमच्या धानाच्या बांधीत लय राहायचे. मी हातानं धरायची. कोणी पोट्टं नव्हतं धरू शकत."

मी तिथेच बसून खेकडा काढला. अक्षरं पूर्ण झाकतील अशी रुंद काळी पाठ, दोन्हीकडे नांग्या. काकूंनी नांग्या मोठ्या करायला लावल्या. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघी टॅटूवाल्याकडे गेलो. सुई चालू असताना काकू त्याला लांजीच्या चिखलाबद्दल सांगत होत्या. झाल्यावर त्यांनी हात आरशासमोर धरून वळवून पाहिला आणि बाही खाली न ओढताच रस्त्यावर आल्या.

त्या पुढे चालत होत्या. मैत्रीण माझ्या जवळ आली.

"त्या दिवशी घरी आलती तेव्हा तुह्या मनात काय होतं?"

"काही नाही. कागद द्यायला आलती."

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. मग "बरं" म्हणाली. तिनं ते खरं मानलं की नाही, मला अजून कळलेलं नाही.