तिसरा गोलकीपर

त्याला सगळे भिंगरी म्हणत. नाव आईनं ठेवलेलं. तान्हा असतानाच म्हणे पोरगं असे पाय झाडायचं की अंगावर पांघरूण म्हणून ठरायचं नाही. पुढं त्यानं नावाला जागून दाखवलं. आधी फोटोंच्या चौकटी केल्या, मग घरोघर पार्सलं पोचवली, मग एसी बसवले, आणि शेवटी लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला तो तिथं टिकला. का टिकला, ते त्याची बायको एका वाक्यात सांगायची : "रोज नवी इमारत असते म्हणून. एका जागी बसवा, संध्याकाळी राजीनामा!" घरंही त्यानं पाच-सहा बदलली. नव्या घरात सामान लागेपर्यंत स्वारी खुशीत असायची. शेवटचं कपाट भिंतीला लागलं की डोक्यात किडा वळवळलाच.

थोरले साडू याच्या अगदी उलट. बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. ते कवळ्या बनवायचे. एका दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, त्याच खुर्चीत, त्याच दिव्याखाली, गुलाबी मेणात एकेक दात बसवत राहायचे. दवाखान्याचे डॉक्टर तीनदा बदलले, साडू काही हलले नाहीत. भिंगरी त्यांना तोंडावर 'दादा' म्हणायचा आणि पाठीमागं 'खुंटा'.

या दोघांचं जमायचं ते एकाच गोष्टीवर. कंप्युटरवरचा एक फुटबॉलचा खेळ. यात चेंडूला पाय लावायचा नसतो, आपण असतो क्लबचे मॅनेजर. कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, कुणाला कुठं उभं करायचं ते आपण ठरवायचं, आणि सामना सुरू झाला की देव पाण्यात घालून बघत बसायचं. दहा-बारा जणांनी मिळून ऑनलाइन लीग काढली होती, रोज एक सामना व्हायचा. दर रविवारी दुपारी साडूंच्या जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप समोरासमोर लागायचे आणि दोघी बहिणी आपला चहा घेऊन आतल्या खोलीत निघून जायच्या.

माणूस जसा तसा त्याचा संघ. साडूंचा हिशेब साधा होता. प्रत्येक जागेला दोन माणसं, एक आज खेळणारा आणि एक उद्या खेळणारा. मोसमाला फार तर दोन नवे घ्यायचे, आणि त्यांनाही वर्षभर जुन्यांच्या सावलीत ठेवायचं. भिंगरीचं गणित वेगळं. कोवळी पोरं शोधून आणायची, जरा नाव झालं की चढत्या भावात विकायची आणि त्या पैशात आणखी दोन आणायची. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा बाजार उघडला की त्याच्या हाताला खाज सुटायची. पोरं एकाहून एक गुणी असायची. पण एकाला दुसऱ्याची सवय व्हायच्या आत तिसरा दाराशी उभा! मोसमाच्या सुरुवातीला संघ वाऱ्यासारखा पळायचा आणि अर्ध्यात येईस्तोवर कोण कुणाला पास देतोय हे कुणालाच कळेनासं व्हायचं.

"अरे, तू संघ बांधत नाहीस, धर्मशाळा चालवतोस," साडू म्हणायचे.

"आणि तुम्ही वृद्धाश्रम," भिंगरी उत्तर द्यायचा.

एक सल मात्र त्याच्या मनात होता. त्याच्याच क्लबात तयार झालेला एक डावखुरा बॅक त्यानं घाईघाईत, नीट न पाहता विकून टाकला होता. साडूंनी तो उचलला. आता तो त्यांचा हुकमी एक्का होता. भिंगरीनं तो परत मागून पाहिला, बदल्यात तीन-तीन पोरं देऊ केली. साडू नुसते हसायचे आणि बिस्किट चहात बुडवायचे.

तशात साडूंच्या डोळ्याचा पडदा सरकला. सकाळी मेणात दात बसवताना उजव्या डोळ्यापुढं काळा पदर ओढल्यासारखं झालं, आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. ते पार पडलं. पण डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यात हवा भरली आहे, ती पडद्याला दाबून धरेल, त्यासाठी तोंड सतत खाली पाहिजे. झोपायचं पालथं, बसायचं मान खाली घालून. वर बघायचं नाही, आणि स्क्रीन तर अजिबात नाही.

भिंगरी भेटायला गेला तेव्हा साडू पलंगावर पालथे होते, कपाळ उशीच्या कडेवर टेकवून, फरशीशी बोलत.

"लीगवाले थांबायला तयार नाहीत," ते म्हणाले. "माझा संघ तू चालव. नुसते सामने खेळव. अकरा जण ठरलेले आहेत. कुणाला हात लावू नकोस."

"दादा, मी काय परका आहे?"

"परका असतास तर एवढं बजावलं नसतं."

आत ताई, साडूंची बायको, हसल्याचं ऐकू आलं.

अशा रीतीनं दोन्ही संघ भिंगरीच्या हातात आले. पहिल्याच संध्याकाळी त्यानं साडूंचा संघ उघडला आणि तो डावखुरा समोर दिसला. दोन बटणं दाबायचा अवकाश होता. इकडून विक, तिकडून घे. भिंगरी उठला, पाणी प्यायला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. बाल्कनीत जाऊन वाळत घातलेले कपडे विनाकारण या दोरीवरून त्या दोरीवर टाकले.

"काय झालंय?" बायकोनं विचारलं.

"काही नाही."

"मग माझी साडी का हिंडवतोयस?"

त्यानं डावखुऱ्याला हात लावला नाही. त्याला स्वतःचाच इतका अभिमान वाटला, की आपल्या हातून आता काही वावगं होणारच नाही अशी त्याची खात्री पटली. घात झाला तो तिथंच.

कारण नुसते सामने खेळवणं त्याला सोसेना. तेच अकरा जण, तीच चाल, एक गोल मारायचा आणि गप बसायचं. लिफ्टच्या खोलीत मोटारीला ग्रीस लावतानाही त्याच्या डोक्यात साडूंचाच संघ घुमायचा. यात काहीतरी सुधारता येईल. दादा बिचारे पालथे पडलेत, त्यांना जरा खूश करू. आणि शोधता शोधता त्याला तिसरा गोलकीपर सापडला. वय छत्तीस, अख्ख्या मोसमात एकही सामना नाही, सरावात सगळ्यांत हळू. पहिला गोलकीपर आहे, दुसरा आहे, मग हा फुकटचा पाहुणा कशाला? खालच्या विभागातल्या एका क्लबानं त्याला मागितलं होतंच. भिंगरीनं तो देऊन टाकला आणि त्याच्या जागी एकोणीस वर्षांचा चपळ पोरगा आणला. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला तर दारात मोर्चा. कप्तान नाराज. मधल्या फळीतले दोघं नाराज. डावखुरा म्हणतो, मला क्लब सोडायचाय. भिंगरी चक्रावला. मग त्यानं कधी न उघडलेलं पान उघडलं, ड्रेसिंग रूममध्ये कोणाचा शब्द चालतो ते दाखवणारं. सगळ्यांत वर नाव होतं ते कालच विकलेल्या म्हाताऱ्याचं. निम्मा संघ त्याच्या हाताखाली वाढलेला. नव्या पोरांना सांभाळायचा तोच, भांडणं मिटवायचा तोच.

भिंगरीनं त्याला परत आणायची धडपड केली. दुप्पट पगार देऊ केला. पण म्हाताऱ्याचा नव्या क्लबाशी करार झाला होता, आणि जुन्या क्लबानं वाऱ्यावर सोडलं म्हणून तो रुसला होता. नकार आला. मग संघाची बैठक बोलावली, तिथं भिंगरीनं सवयीनं आवाज चढवला. आणखी चौघं बिथरले. संघ एक सामना हरला, दुसरा हरला, तिसऱ्यात तर चार गोल खाल्ले.

संध्याकाळी काम सुटलं की साडूंना निकाल सांगायला जायचं, हा शिरस्ता झाला होता. पहिल्या हरण्याचं त्यानं खरं सांगितलं. दुसऱ्याचंही सांगितलं, आणि ओघात बोलून गेला की डावखुऱ्याची पिवळी कार्डं भरली. तिसऱ्या दिवशी पलंगाशी खुर्ची ओढून तो बसला. साडूंची मान तशीच खाली, मानेवर घामोळं उठलेलं. ताई ओल्या फडक्यानं ते टिपत होत्या.

"डॉक्टर काय म्हणाले?" त्यानं विचारलं.

"म्हणाले, नजर येईल. पण बारीक कामापुरती येईल का ते सांगता येत नाही." साडूंनी कपाळ उशीवर नीट टेकवलं. "ते जाऊ दे. आज काय झालं?"

चार गोल खाल्ले हे भिंगरीच्या ओठांवर आलं होतं. समोर ते पालथं पडलेलं माणूस बघून ते तिथंच विरलं.

"जिंकलो, दादा. एक-शून्य."

"वा! कुणी मारला?"

"डावखुऱ्यानं," भिंगरी म्हणाला, कारण जिभेवर तेच नाव कायमचं बसलेलं होतं.

ताईंचा हात थांबला.

"त्याची कार्डं भरली होती ना?" साडू फरशीला म्हणाले. "मग आज तो बाहेर बसायला हवा. बाहेर बसून गोल कसा मारला?"

भिंगरी उठून उभा राहिला. खिडकीपाशी गेला, परत आला. पळून जावं असं त्याला फार वाटलं. आयुष्यात अशा वेळी त्यानं नोकरी बदलली होती, घर बदललं होतं. पण साडू काही बदलता येत नव्हते. मग त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"डावखुऱ्याला हात नाही लावला, दादा, शपथ," तो शेवटी म्हणाला. "तो म्हातारा तर खेळतच नव्हता!"

"खेळायला ठेवलाच नव्हता त्याला." साडूंचा आवाज पहिल्यांदाच चढला. मान वर जायला लागली तशी ताईंनी ती हातानं दाबून धरली. "एवढी वर्षं समोर बसून खेळतोयस. एकदा तरी विचारलंस का, दादा, हा माणूस इथं कशाला? तुझं आपलं एकच, खेळत नाही तर काढा! उद्या मला दात बसवता आले नाहीत तर मलाही काढशील?"

ताईंनी फडकं बादलीत पिळलं आणि म्हणाल्या, "दोघंही गप्प बसा. एकाला मान वर करायची नाही, दुसऱ्याला बूड टेकायचं नाही. माझ्याच वाट्याला आलात दोघं."

भिंगरी जायला निघाला तेव्हा साडूंनी हाक मारली. राग गेला नव्हता, पण आवाज खाली आला होता.

"ऐक. तो संघ आता तुझा."

"म्हणजे?"

"तू मोडलास, तूच उभा कर. तुझी ती धर्मशाळा मी घेतो. लीगवाल्यांना मी हिच्याकडून कळवतो. आणि तीन मोसम एकालाही विकायचं नाही."

"तीन?" भिंगरीचा चेहरा असा झाला की ताईंना पदर तोंडाला लावावा लागला.

त्या मोसमात तो संघ खालच्या विभागात घसरला. भिंगरीनं शेवटचा सामना उभ्यानं पाहिला, लॅपटॉप एका हातावर पेलून, या खोलीतून त्या खोलीत फिरत. पण विकलं कुणालाच नाही. आपल्या अकरा जणांची त्याला हळूहळू ओळख पटत गेली. कोणाला धीर द्यावा लागतो, कोणाला टोचावं लागतं, कोण कोणाशेजारी उभा राहिला की खुलतो. लिफ्ट दुरुस्त करता करता तो हाताखालच्या माणसाला या सगळ्यांच्या गोष्टी सांगायचा, आणि त्या माणसाला बरेच दिवस वाटायचं की साहेबांचा गोतावळा फार मोठा आहे.

साडूंची नजर आली, पण पूर्ण नाही. दवाखान्यानं त्यांना काढलं नाही. मोठं भिंग लावलेला दिवा आणला, आणि बारीक काम हाताखाली आलेल्या नव्या मुलीकडं गेलं. साडू तिच्या शेजारी बसून दात बघायचे, बोटांनी चाचपायचे आणि चूक दाखवायचे. घरी मात्र भलतंच झालं. भिंगरीची ती कोवळी पोरं हातात आल्यावर या खुंट्याला बाजाराची चटक लागली. आज हा विकला, उद्या तो आणला. रविवारी चष्मा लॅपटॉपला टेकवून ते "अरे, हा बघ, हा बघ!" असं ओरडायचे.

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या," भिंगरीची बायको ताईंना म्हणाली.

भिंगरीची खरी परीक्षा व्हायची ती बाजार बंद होण्याच्या दिवशी. संघ आता तिसऱ्या मोसमात होता, वर चढायच्या बेतात, आणि सगळीकडून मागण्या येत होत्या. हाताला इतकी खाज सुटली की शेवटी त्यानं लॅपटॉप बायकोपुढं सरकवला.

"हे धर. कुणी काही मागितलं तर नाही म्हण. मी खाली जाऊन येतो."

तो खाली गेला. इमारतीला वेढे घातले, शेजारच्या इमारतीची बंद लिफ्ट कुणी न सांगता उघडून पाहिली, आणि बाजार बंद झाल्याची वेळ उलटून गेल्यावर जिने चढून वर आला.

"काही विकलं नाहीस ना?"

"नाही."

"कुणी मागितलं होतं?"

"एकानं मागितलं होतं. फार मागं लागला होता. मी नाही म्हटलं."

"कोणाला मागत होता? किती देत होता?"

तिनं लॅपटॉप बंद केला आणि विणकाम हातात घेतलं.

"ते मी सांगायची नाही," ती म्हणाली.

भिंगरी तिच्यासमोर बसला. मग उठला. खिडकीपाशी गेला आणि परत आला.

"निदान बचावातला होता का पुढचा, एवढं तरी सांग."