साळिंदर, हंसीण आणि बदलीचा अर्ज

त्या उन्हाळ्यात लातूरला नळाला पाणी येणं बंद झालं आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलीला कावीळ झाली. या दोन गोष्टींचा संबंध होता की नव्हता, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. "टँकरचं पाणी कुठून भरलेलं, कुणी सांगावं? हिला चांगलं पाणी मिळेल अशा जागी ठेवा आणि महिना-दोन महिने पळू देऊ नका," एवढंच ते म्हणाले. चांगलं पाणी म्हणजे आमच्यासाठी नांदेड. माझी मोठी बहीण तिथं राहते, आम्ही तिला अक्का म्हणतो. गोदावरीत तेव्हा तिथंही फारसं काही उरलं नव्हतं, पण अक्काच्या घरी दिवसाआड का होईना नळ सुटायचा. मुलीचे चार फ्रॉक आणि औषधांची पिशवी घेऊन मी तिला तिकडं सोडून आले.

मी चाकूरजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. नवरा उदगीरच्या तहसीलमध्ये कारकून. घर लातूरला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी चाकूरच्या स्टँडवरून नांदेडची गाडी धरायची आणि रविवारी दुपारी तीनच्या गाडीनं परत निघायची. असं सहा-सात महिने चाललं.

पळायचं नाही म्हटल्यावर मुलीनं दिवसभर करायचं काय? अक्काच्या टीव्हीला एक पेन ड्राइव्ह लावून ठेवलेला असायचा. त्यात लहान मुलांचे कार्टूनचे सिनेमे होते, पंचवीस-तीस तरी, सगळे हिंदी आवाजातले. मी शिक्षिका. कार्टून म्हणजे पोरांना गप्प बसवायचं साधन, असं मी पालकसभेत अनेकदा सांगितलेलं होतं. पण आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या पोरीला टीव्ही बंद कर कसं म्हणायचं? तिच्या शेजारी पलंगावर बसले, आणि बघत बसले.

पहिला सिनेमा एका साळिंदराच्या पोरीचा होता. ती मनातली भीती लपवायची आणि जितकी लपवायची तितके तिच्या अंगावरचे काटे गळून पडायचे. शेवटी बिनकाट्यांची, गुळगुळीत होऊन ती आईपुढं उभी राहते आणि म्हणते, मला भीती वाटते. आई म्हणते, मलाही वाटते. मग दोघींच्या अंगावर नवे काटे फुटतात. एवढीच गोष्ट. पण माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते थांबेना. अक्का स्वयंपाकघरातून मेथीची जुडी घेऊन बाहेर आली, माझ्याकडं बघतच राहिली.

"अगं, कार्टून बघून रडून राहिलीस? लई झालं तुझं."

"अक्का, तू बघितलास का हा?"

"मी कशाला बघू? मला भाजी निवडायची हाय."

त्या दिवशी मी ठरवलं, आपणही पोरीपासून काही लपवायचं नाही. आतापर्यंत मी तिला सांगत आले होते की लातूरला आता पाणी येतच आहे, तू बरी झालीस की आपण घरी जाऊ. तिला जवळ घेतलं आणि खरं ते सांगितलं. घरी पाणी नाही. पप्पा आणि मी दोन बादल्यांत दिवस काढतो. आपण परत लातूरला कधी राहू, हे मला ठाऊक नाही. मला भीती वाटते. ती ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "बरं." मला वाटलं, काम झालं. नवे काटे फुटले. परतीच्या गाडीत कितीतरी दिवसांनी मला शांत झोप लागली, चाकूर मागं गेलेलंही कळलं नाही.

पुढच्या खेपेला हंसिणीचा सिनेमा होता. एक हंसीण एका अंड्यावर बसलेली. बाकीचे हंस उडून जातात, थंडी पडते, तरी ती उठत नाही. मग एक म्हातारा बगळा येऊन तिला सांगतो, बाई, हे अंडं नाही, नदीतला दगड आहे. ती ऐकत नाही, भांडते, चोच मारते. त्यानंतर पहाटेच्या धुक्यात ती पहिल्यांदा खाली वाकून नीट बघते, आणि तिचा चेहरा असा होतो की... तेवढ्यात अक्का ओरडली, "पावणेतीन वाजले, गाडी जाईल तुझी!" मी चपला घालून पळाले.

गाडी लोह्याच्या पुढं आल्यावर माझ्या डोक्यात लख्ख पडलं. दगड म्हणजे आमचा नवा जिल्हा.

उदगीर जिल्हा होणार, असं आमच्या घरात लग्नापासून ऐकू येत होतं. या अधिवेशनात होणार, या झेंडावंदनाला घोषणा होणार. माझ्या नवऱ्याचं सगळं आयुष्य त्यावर टांगलेलं. जिल्हा झाला की नवी कार्यालयं येतील, नवी पदं निघतील, बढती मिळेल, उदगीरलाच घर घेऊ, रोजचं जाणं-येणं संपेल. मी बदलीचा विषय काढला की ते म्हणायचे, "थोडं थांब. जिल्हा होऊ दे." मुलगी आजारी पडल्यावरही हेच म्हणाले.

त्या रविवारी घरी पोचल्या पोचल्या मी बोलायला लागले. साळिंदराच्या सिनेमानंतर मनात काही ठेवायचं नाही असं ठरवलंच होतं.

"अहो, तुम्ही दगड उबवताय."

"काय करतोय?"

मी त्यांना हंसिणीची गोष्ट सांगितली. आधी ते हसले. मग गोष्ट आपल्यावर येते आहे हे लक्षात आल्यावर हातातला तांब्या खाली ठेवला.

"कार्टूनमध्ये बघून तू मला शहाणपण शिकवून राहिलीस?"

"कार्टून असू दे. खोटं हाय का ते सांगा."

"तुझ्या अण्णांनी मग काय उबवलं होतं?"

अण्णा म्हणजे माझे वडील, उस्मानाबादला कलेक्टर कचेरीत कारकून होते. लातूर वेगळा जिल्हा होणार म्हणून तेही कित्येक वर्षं थांबलेले, आणि त्यांचे सोबती त्यांना हसायचे. मी पहिलीत असताना जिल्हा खरोखर झाला. टेबलं, कपाटं आणि दप्तरांची गाठोडी भरलेल्या ट्रकमधून आम्ही लातूरला आलो. अण्णा ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि मी त्यांच्या मांडीवर. लातूरची वेस दिसल्यावर ते मला म्हणाले, "आता आपण जिल्ह्याचे झालो बरं का." मला वाटलं, म्हणजे आपल्याला नवे कपडे मिळणार. पण आम्ही शिकलो, मला नोकरी लागली, ते त्या जिल्ह्यामुळंच. अण्णांच्या खालून अंडंच निघालं होतं. मग नवऱ्याच्या खाली दगड आहे, हे मी कशावरून म्हणत होते?

म्हातारा बगळा म्हणाला होता, यावरून. दुसरं काही कारण मला सापडत नव्हतं.

तरीही मी मागं हटले नाही. सोमवारी मधल्या सुट्टीत चाकूरच्या पंचायत समितीत जाऊन नांदेड जिल्ह्यासाठी बदलीचा अर्ज देऊन आले. जिल्हा बदलला की सेवाज्येष्ठता जाते, नव्या ठिकाणी शेवटून सुरुवात करावी लागते. तिथल्या कारकुनानं मला दोनदा विचारलं, "मॅडम, विचार केलाय ना?" मी हाव म्हणाले. नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं. त्यानंतर आमच्यात आठ-दहा दिवस फक्त पाण्यावरून बोलणं झालं. टँकर आला का, किती भरलं, एवढंच.

त्याच आठवड्यात अक्काचा फोन आला. "शनिवारी लवकर ये. पोरीचं काहीतरी बिनसलंय."

गेले तर अक्कानं मला पलंगाखाली बघायला लावलं. तिथं बाटल्या होत्या. सरबताच्या, तेलाच्या, औषधाच्या, शाळेतल्या पाण्याच्या, सगळ्या भरून झाकणं घट्ट लावलेल्या. मी मोजल्या, एकोणीस भरल्या. नळ सुटला की पोरगी गुपचूप भरायची आणि आत सरकवायची. जेवताना स्वतः पाणी प्यायची नाही, लागत नाही म्हणायची. कावीळ झालेल्या पोरीनं पाणी पीत राहावं म्हणून तिला नांदेडला ठेवलेली, आणि ती पाणी वाचवत होती.

"हे कशासाठी गं?"

"पप्पांसाठी. दोन बादल्यांत कसं होईल त्यांचं?"

मी तिथंच जमिनीवर बसले. ती माझ्यासमोर उकिडवी बसली, आणि शाळेतली पोरं गणित चुकल्यावर विचारतात त्या आवाजात म्हणाली, "आई, साळिंदराच्या पोरीला तिच्या आईनं खरं सांगितल्यावर बरं वाटलं होतं. मला का नाही वाटलं?"

"तो सिनेमा होता," असं म्हणता आलं असतं. पण सिनेमा होता हे मी तरी कुठं लक्षात ठेवलं होतं? अक्कानं तिच्या हातात पेला दिला आणि म्हणाली, "पी आधी. तुझा बाप दोन बादल्यांत मरत न्हाई." पोरगी गटागटा प्याली. मी साळिंदराकडून जे शिकले त्यानं जे बिघडलं, ते अक्कानं एका वाक्यात सरळ केलं, आणि ते वाक्य कुठल्याही सिनेमात शोभलं नसतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बाटल्या आम्ही तिघींनी मिळून अंगणातल्या तुळशीला आणि पपईला घातल्या. पाणी ओतताना मुलीचा चेहरा उतरला होता. मला वाटलं तिचं मन दुसरीकडं वळवावं, म्हणून विचारलं, "त्या हंसिणीचं पुढं काय झालं? मी अर्ध्यावर उठून गेले होते."

"ती बसूनच राहिली."

"दगडावर?"

"हाव. तिला कळलं तो दगड हाय. पण तोवर तो गरम झाला होता. मग दुसऱ्या पाखरांनी आपली अंडी तिच्याजवळ आणून ठेवली. लई पिल्लं निघाली."

मी हातातली रिकामी बाटली घेऊन उभी. म्हणजे शेवट असा होता. बगळ्यानं खरं सांगितलं, तिला ते पटलं, तरी ती उठली नाही, आणि तिचं चांगलं झालं. मी मधूनच उठून आले, नवऱ्याला बोलले, अर्ज देऊन बसले. शेवटापर्यंत थांबले असते तर काय केलं असतं? नवऱ्याला म्हणाले असते का, बसा तुम्ही, जिल्हा होवो न होवो? आणि म्हणाले असते, तर ते तरी बरोबर ठरलं असतं का? त्या दिवशी मी तीनची गाडी सोडून दिली आणि मुलीबरोबर तोच सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. ती म्हणाली तसंच होतं. पण मला मात्र पिल्लांपेक्षा तो धुक्यातला, खाली वाकलेला चेहराच दिसत राहिला.

लातूरला गेल्यावर नवऱ्याला हे सगळं सांगितलं, बाटल्यांचंही. बाटल्यांचं ऐकून ते मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. दिवसाच्या हिशेबात न बसणारं, तांब्याभर पाणी त्यांनी तोंडावर मारलं. मग म्हणाले, "अर्ज मागं घेऊ नकोस. असू दे." मी विचारलं, "तुम्हाला पटला का?" ते म्हणाले, "न्हाई. पण असू दे."

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी लातूरला पाणी देणारं मांजरा धरण भरलं. लोक धरण बघायला जत्रेसारखे गेले. दिवाळीनंतर मुलगी घरी आली, बरी होऊन, गाल भरून. आम्ही अर्ज विसरूनही गेलो. तो पुढं दीड-दोन वर्षांनी उगवला. लातूरला पाणी होतं, मुलगी शाळेत रमलेली, आणि माझ्या हातात नांदेड जिल्ह्याचा आदेश. नांदेड म्हणजे नांदेड शहर नव्हे, हदगाव तालुक्यातलं एक खेडं. अक्काच्या घरापासून दोन तासांवर.

"काय करू?" मी नवऱ्याला विचारलं.

"तू मागितलेलं आलंय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता.

मी गेले. मुलीला घेऊन अक्काच्या गल्लीत दोन खोल्या केल्या, शाळेला रोज तिथूनच जाते-येते. आता नवरा शनिवारी येतो आणि रविवारी दुपारी परत जातो. उदगीर अजून जिल्हा झालेला नाही. मधे त्यांना बढती मिळाली, तीही जिल्हा न होताच. मुलगी कॉलेजात जाते, कार्टून बघत नाही. मी बघते. रविवारी नवऱ्याला स्टँडवर सोडून आले की एखादा लावते, आणि शेवटचं नाव सरकून जाईपर्यंत उठत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेला मोठा टीव्ही मिळाला. तिसरीच्या पोरांना मी एका अस्वलाचा सिनेमा दाखवला. ते मधासाठी सात डोंगर ओलांडतं, वाटेत त्याला खूप जण भेटतात, आणि शेवटी ते मध वाटून टाकून रिकाम्या हातानं परततं. संपल्यावर सवयीनं खडू घेतला, फळ्यावर 'तात्पर्य' लिहिलं आणि विचारलं, "यातून आपण काय शिकलो?"

एक म्हणाला, सगळ्यांना वाटून खावं. दुसरा म्हणाला, एकट्यानं लांब जाऊ नये. तिसरी म्हणाली, लांब गेल्याशिवाय मध मिळत नाही. मागच्या बाकावरची एक बारकी मुलगी कितीतरी वेळ हात वर धरून होती.

"तू सांग."

"बाई, त्या अस्वलानं शेवटपर्यंत काहीच खाल्लं न्हाई."

पोरं हसली. मी तिला बस म्हणाले. फळ्यावर 'तात्पर्य' या शब्दापुढं रेघ ओढली आणि काय लिहावं म्हणून उभी राहिले. खिचडीची घंटा झाली, पोरं ताटल्या घेऊन व्हरांड्यात पळाली, तरी मी खडू धरून तिथंच होते.